जुन्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड चालेल का? विकत घेण्यापूर्वीची तपासणी

कार्यालयांनी काढून टाकलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोव्हो थिंकसेंटर या जातीचे संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळतात. अनेक घरांत मुलांचा पहिला संगणक असाच येतो. काही दिवसांनी गेम खेळण्यासाठी किंवा व्हिडिओ संपादनासाठी त्यात ग्राफिक्स कार्ड बसवावे असे वाटू लागते, आणि मग पहिला प्रश्न विचारला जातो तो स्लॉटचा, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचेचा: या मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य बोर्डावर) हे कार्ड बसेल का? जुन्या संगणकाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी असते, आणि म्हणूनच तो फारसा उपयोगाचा नसतो. कार्ड अडते ते वीजपुरवठ्यावर, कॅबिनेटमधल्या जागेवर आणि क्वचित बायोसवर (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डमधल्या मूळ प्रणालीवर). त्यामुळे पुढील तपासणीचा क्रम मुद्दाम तसाच ठेवला आहे. ज्या गोष्टी बदलणे कठीण किंवा खर्चिक, त्या आधी तपासायच्या. उदाहरणासाठी प्रामुख्याने डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० आणि ९०२० हे संगणक घेतले आहेत, पण पद्धत कोणत्याही जुन्या डेस्कटॉपला लागू पडते. लॅपटॉपच्या आत असे कार्ड बसवता येत नाही, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही.

पायरी पहिली: आपला संगणक नेमका कोणता, हे लिहून काढावे

कंपनीने जोडून विकलेल्या संगणकावर मॉडेलचे नाव दर्शनी भागावर असते, परंतु तेवढ्याने भागत नाही. एकाच नावाचा संगणक वेगवेगळ्या आकारांच्या कॅबिनेटमध्ये विकला जातो आणि आतला वीजपुरवठा त्या आकारानुसार बदलतो. ऑप्टिप्लेक्स ७०१० याचेच मिनी टॉवर, डेस्कटॉप, स्मॉल फॉर्म फॅक्टर आणि अल्ट्रा स्मॉल असे चार प्रकार होते, आणि त्यांतील एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) अनुक्रमे २७५, २५०, २४० आणि २०० वॅटचे होते. शिवाय डेलने हेच ७०१० हे नाव २०२३ साली तेराव्या पिढीच्या प्रोसेसरच्या संगणकालाही दिले. त्यामुळे केवळ नाव सांगून दुकानदाराला किंवा इंटरनेटला विचारले, तर उत्तर भलत्याच यंत्राचे मिळू शकते. डेलच्या संगणकावर सर्व्हिस टॅग नावाचा सात अक्षर-अंकांचा क्रमांक चिकटवलेला असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर भरला की मूळ सुट्या भागांची यादी आणि माहितीपुस्तिका मिळते. एचपी आणि लेनोव्हो यांच्या संगणकांवर हेच काम अनुक्रमांक करतो.

प्रोसेसर आणि बायोसची आवृत्ती कळण्यासाठी विंडोजच्या स्टार्ट मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ हे शोधून उघडावे. त्यात बायोसचा प्रकार ‘लेगसी’ आहे की ‘यूईएफआय’ हेही दिसते, आणि त्याची गरज पुढे पडणार आहे. मदरबोर्डविषयी अधिक तपशील हवा असल्यास सीपीयू-झेड ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. जुळवणी करून घेतलेला, म्हणजे दुकानात सुटे भाग निवडून बनवलेला संगणक असेल, तर मदरबोर्डचा मॉडेल क्रमांक बोर्डावरच स्लॉटच्या आसपास छापलेला असतो.

पायरी दुसरी: वीजपुरवठा तपासावा

या पायरीवर वाचकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण इथली चूक केवळ कार्ड न चालण्यापुरती मर्यादित राहत नाही. तिने वायर वितळू शकते आणि मदरबोर्डही जाऊ शकतो.

ग्राफिक्स कार्डाला वीज दोन मार्गांनी मिळते. एक मार्ग स्लॉटचा. पीसीआय एक्स्प्रेस या स्लॉटच्या प्रमाणानुसार पूर्ण आकाराच्या ग्राफिक्स कार्डाला सोळा लेनच्या (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांच्या) स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. दुसरा मार्ग एसएमपीएसमधून थेट कार्डाला जोडायच्या स्वतंत्र वायरीचा. सहा पिनांची वायर ७५ वॅट आणि आठ पिनांची वायर १५० वॅट पुरवू शकते. कार्यालयीन संगणकांच्या एसएमपीएसमध्ये ही सहा किंवा आठ पिनांची वायर बहुधा नसतेच, कारण ते यंत्र टंकलेखन आणि हिशेबासाठी बनवलेले असते. म्हणून कॅबिनेटचे झाकण उघडून पहिली गोष्ट पाहायची ती ही, की अशी मोकळी वायर आत आहे का. प्रोसेसरला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची वायर वेगळी असते. ती मदरबोर्डवर प्रोसेसरजवळ खोचलेली असते आणि तिचा ग्राफिक्स कार्डाशी काही संबंध नाही.

वायर नसेल, तर निवड आपोआप मर्यादित होते: स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवरच चालणारे कार्ड घ्यावे लागते. एनव्हीडियाचे जीटी १०३० (३० वॅट), जीटीएक्स १०५० टीआय (७५ वॅट), जीटीएक्स १६५० (७५ वॅट), आरटीएक्स ३०५० चे सहा जीबीचे रूप (७० वॅट) आणि एएमडीचे आरएक्स ६४०० (५३ वॅट) ही या गटातली परिचित नावे आहेत. मात्र इथे नावावर विसंबून राहू नये. जीटीएक्स १६५० हेच कार्ड काही उत्पादकांनी वेग वाढवून विकले आणि त्याला सहा पिनांची जोडणी दिली. आरटीएक्स ३०५० ची गोष्ट त्याहून फसवी आहे, कारण त्याचे आठ जीबीचे रूप १३० वॅट खाते व स्वतंत्र वायर मागते, तर २०२४ साली आलेले सहा जीबीचे रूप वायरीविना चालते, आणि खोक्यावर दोन्हींचे नाव जवळपास सारखेच असते. जे कार्ड घ्यायचे त्याच्या नेमक्या मॉडेलचा फोटो पाहावा आणि त्याच्या वरच्या कडेला किंवा टोकाला विजेचा सॉकेट आहे का, याची डोळ्यांनी खात्री करावी.

त्यानंतर एकूण बेरीज. एसएमपीएसच्या अंगावर लावलेल्या तक्त्यात एकूण वॅटच्या आकड्यापेक्षा १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर महत्त्वाचे असतात, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही प्रामुख्याने त्याच रेषेवर चालतात. १२ व्होल्टला १६ अँपिअर लिहिले असेल, तर १९२ वॅट उपलब्ध आहेत असे समजावे. १२ व्होल्टच्या दोन रेषा दाखवल्या असतील, तर त्यांची सरळ बेरीज करू नये. दोन्हींची मिळून मर्यादा खाली वेगळी दिलेली असते, ती धरावी. आता खर्चाची बाजू. ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये आढळणारा आय५-३४७० हा प्रोसेसर ७७ वॅटचा आहे, ९०२० मधला आय५-४५९० हा ८४ वॅटचा. त्यात कार्डाचे ७५, आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे मिळून साधारण ४० वॅट धरले, तर सारे दोनशेच्या आसपास जाते. २७५ वॅटच्या मिनी टॉवरला हे झेपते. २४० वॅटच्या छोट्या कॅबिनेटमध्ये मोकळीक बरीच कमी उरते, आणि तिथे जीटी १०३० किंवा आरएक्स ६४०० यांच्यासारखे कमी विजेचे कार्ड अधिक शहाणपणाचे.

जीटीएक्स १६५० साठी एनव्हीडिया ३०० वॅटच्या पुरवठ्याची शिफारस करते, हे वाचून अनेक जण २७५ वॅटचा संगणक बाद ठरवतात. ही शिफारस ग्राहकाकडे कोणता प्रोसेसर आणि कोणत्या दर्जाचा एसएमपीएस आहे हे माहीत नसताना केलेली असते, म्हणून तीत बरीच राखीव जागा असते. नामांकित कंपनीच्या कार्यालयीन संगणकातला २७५ वॅटचा एसएमपीएस हा बाजारात नाममात्र किमतीला मिळणाऱ्या, अंगावर ४५० वॅट छापलेल्या एसएमपीएसपेक्षा माझ्या मते अधिक भरवशाचा असतो. त्या दुसऱ्या प्रकारात १२ व्होल्टचा रकाना वाचला, की छापील आकडा कुठून आला हेच कळत नाही. मात्र दहा-बारा वर्षे वापरलेल्या एसएमपीएसमधले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात, तेव्हा काठोकाठ हिशेब करू नये.

आता एका प्रचलित तोडग्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. साटा डिस्कच्या वायरीला जोडून सहा पिना देणारा अडॅप्टर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो आणि तो लावला की काम भागते, असे सांगितले जाते. साटाच्या वीज-जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर असते, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, अर्थात ५४ वॅट. सहा पिनांच्या सॉकेटमधून कार्ड ७५ वॅट मागू शकते. क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह गेल्याने ती प्लास्टिकची जोडणी तापते. असा अडॅप्टर वापरू नये.

एसएमपीएसच बदलायचा विचार असेल, तर आधी मदरबोर्डची मुख्य वीज-जोडणी पाहावी. ऑप्टिप्लेक्स ७०१० मिनी टॉवरमध्ये ती प्रमाणित २४ पिनांची आहे, त्यामुळे बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस तिथे चालतो. ९०२० पासून डेलने स्वतःची आठ पिनांची जोडणी वापरली. एचपी एलिटडेस्क ८०० च्या पहिल्या पिढीत ती सहा पिनांची आहे, तर लेनोव्होच्या त्या काळातील बऱ्याच मॉडेलांत चौदा पिनांची. या सर्वांसाठी २४ पिनांपासून त्या-त्या जोडणीत रूपांतर करणाऱ्या वायरी मिळतात, पण एकाची वायर दुसऱ्याला चालत नाही, आणि स्मॉल फॉर्म फॅक्टर कॅबिनेटमध्ये तर एटीएक्स आकाराचा एसएमपीएस मावतच नाही. एसएमपीएस, रूपांतराची वायर आणि कार्ड यांची एकत्रित किंमत जेव्हा संगणकाच्या किमतीच्या दुपटीवर जाऊ लागते, तेव्हा थांबून संपूर्ण बेताचाच फेरविचार करावा.

पायरी तिसरी: पट्टी घेऊन जागा मोजावी

तीन मापे घ्यावीत. पहिले लांबीचे: कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यापासून, जिथे कार्डाचा ब्रॅकेट स्क्रूने बसतो, पुढे जो पहिला अडथळा येतो तिथपर्यंत. हा अडथळा बहुधा हार्ड डिस्कचा पिंजरा, साटाच्या वायरी किंवा पुढचा पंखा असतो. उत्पादकाने दिलेल्या कार्डाच्या लांबीपेक्षा हे अंतर किमान एक-दीड सेंटिमीटरने जास्त असावे, नाहीतर कार्ड तिरके करून आत घालता येत नाही.

दुसरे माप उंचीचे. मिनी टॉवरमध्ये मागच्या फटी सुमारे १२ सेंटिमीटर उंचीच्या असतात आणि तिथे सामान्य कार्ड बसते. स्मॉल फॉर्म फॅक्टरमध्ये त्या सुमारे ८ सेंटिमीटरच्या असतात, आणि तिथे ‘लो प्रोफाइल’ या नावाने विकली जाणारी कमी उंचीचीच कार्डे लागतात. अशा कार्डासोबत बहुतेकदा दोन ब्रॅकेट येतात, मोठा बसवलेला आणि छोटा खोक्यात सुटा. वापरलेले कार्ड घेताना हा छोटा ब्रॅकेट हरवलेला असण्याची शक्यता बरीच असते आणि सुटा ब्रॅकेट मिळवणे त्रासाचे ठरते, म्हणून विक्रेत्याला तो आहे का हे आधीच विचारावे.

तिसरे माप जाडीचे. आज मिळणारी बहुतेक कार्डे पंखा आणि उष्णता खेचणारी धातूची जाळी यांमुळे दोन फटींची जागा घेतात. मुख्य स्लॉटच्या शेजारी एसएमपीएसची भिंत असेल, तर दोन फटींचे कार्ड शिरणार नाही, आणि शिरलेच तरी पंख्याला हवा मिळणार नाही. छोट्या डेस्कटॉपमध्ये हा प्रश्न नेहमीचा आहे. तिथे एका फटीचे कार्डच शोधावे लागते आणि त्यामुळे पर्याय मोजकेच उरतात. काही छोट्या मॉडेलांच्या माहितीपुस्तिकेत स्लॉटची कमाल वीजही ७५ वॅटपेक्षा कमी नोंदवलेली असते. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी चौथी: स्लॉट ओळखावा

२००४ सालापासून मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट येऊ लागले. त्यापूर्वीच्या संगणकांत एजीपी नावाचा, तपकिरी रंगाचा आणि पत्र्यापासून किंचित आत सरकलेला स्लॉट असे. आपल्या संगणकात तो असेल, तर आजचे कोणतेही कार्ड त्यात बसणार नाही आणि ही तपासणी इथेच संपवावी. पांढरा, मध्यम लांबीचा साधा पीसीआय स्लॉट हाही यासाठी उपयोगाचा नाही.

पीसीआय एक्स्प्रेसच्या पिढ्या एकमेकींना धरून आहेत. चौथ्या पिढीचे कार्ड दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, फक्त दोघांपैकी कमी वेगाने. हा वेग लेनांच्या संख्येने गुणला जातो, आणि जुन्या संगणकाच्या बाबतीत नेमका इथेच एक सापळा आहे. दुसऱ्या पिढीत एका लेनवरून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५, चौथ्या पिढीत सुमारे १९७०. जीटीएक्स १६५० हे सोळा लेनांचे कार्ड असल्याने दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्येही त्याला ८ गिगाबाइटचा रस्ता मिळतो. आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डांना मात्र चारच लेन आहेत. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्यांनाही जवळपास तितकाच रस्ता मिळतो, तिसऱ्या पिढीवर तो निम्मा होतो आणि दुसऱ्या पिढीवर उरतात केवळ २ गिगाबाइट. ज्या गेमला कार्डाची चार जीबी स्मृती पुरत नाही, त्यात सतत मुख्य रॅममधून माहिती आणावी लागते आणि चित्र अडखळू लागते. नव्या कार्डाची कामगिरी सांगणारे तक्ते नव्या मदरबोर्डवर मोजलेले असतात, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत. विजेची अडचण नसेल, तर जुन्या संगणकासाठी मी आरएक्स ६४०० ऐवजी जीटीएक्स १६५० सुचवेन.

स्लॉटची पिढी केवळ मदरबोर्डवर नव्हे, तर प्रोसेसरवरही अवलंबून असते. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ आय५-२४०० मध्ये, पीसीआय एक्स्प्रेसची दुसरी पिढी आहे. तिसऱ्या पिढीच्या आय५ आणि आय७ मध्ये तिसरी पिढी आली, पण त्याच मालिकेतल्या आय३-३२२० मध्ये दुसरीच राहिली.

शेवटी, लांब दिसणारा प्रत्येक स्लॉट सोळा लेनांचा नसतो. ऑप्टिप्लेक्स ७०१० मिनी टॉवरमध्ये निळा आणि काळा असे दोन लांब स्लॉट आहेत. निळ्यात सोळा लेन जोडलेल्या आहेत आणि काळ्यात चारच. कार्ड प्रोसेसरला जवळच्या, निळ्या स्लॉटमध्येच बसवावे.

पायरी पाचवी: बायोस

साधारण २०१२ पूर्वीच्या मदरबोर्डवर जुन्या पद्धतीचा बायोस असतो, नंतरच्यांवर यूईएफआय. संगणक सुरू होताना पडद्यावर पहिले चित्र दाखवण्यासाठी ग्राफिक्स कार्डात स्वतःची छोटी प्रणाली साठवलेली असते आणि तिने मदरबोर्डशी त्याच्या भाषेत बोलावे लागते. नव्या कार्डांपैकी काही जुन्या बायोसशी जुळवून घेत नाहीत. पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. याच्या उलट घडते ते जुने कार्ड यूईएफआय संगणकात लावल्यावर: ‘सिक्युअर बूट’ चालू असेल आणि जुन्या पद्धतीला मुभा देणारी ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी ऑप्शन रॉम’ ही सोय बंद असेल, तर चित्र येत नाही.

यावर उपाय असा, की कार्ड विकत घेण्यापूर्वीच कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोसची शेवटची आवृत्ती घ्यावी. हे काम सुरू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय आणि पावसाळी संध्याकाळी ते करू नये. त्यानंतर आपल्या संगणकाचे मॉडेल आणि हवे असलेले कार्ड ही दोन नावे एकत्र शोधावीत. ऑप्टिप्लेक्ससारख्या लाखोंनी विकल्या गेलेल्या यंत्रांच्या बाबतीत कोणी ना कोणी तीच जोडी वापरून पाहिलेली असते, आणि बायोसच्या प्रश्नावर कागदी हिशेबापेक्षा असा प्रत्यक्ष दाखला जास्त विश्वासार्ह ठरतो.

इंटेलच्या आर्क मालिकेतील कार्डे मात्र या वर्गातील संगणकांसाठी विचारातच घेऊ नयेत. त्यांना चांगली कामगिरी देण्यासाठी ‘रिसायझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणारी) ही सोय लागते आणि इंटेलने अधिकृत पाठिंबा दहाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून पुढे दिला आहे. आर्क ए३८० स्वस्त आहे आणि ७५ वॅटचे आहे, तरी त्याच्या बऱ्याच मॉडेलांना स्वतंत्र वायर लागते.

पायरी सहावी: मॉनिटरची जोडणी

जुन्या संगणकाला बहुधा जुना मॉनिटर जोडलेला असतो आणि त्यावर निळा, पंधरा पिनांचा व्हीजीए सॉकेट असतो. एनव्हीडियाच्या जीटीएक्स १००० मालिकेपासून कार्डांतून ॲनालॉग संकेत काढून टाकला आहे. त्यामुळे डीव्हीआयला लावायचा पन्नास रुपयांचा साधा अडॅप्टर आता चालत नाही. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून व्हीजीए संकेत तयार करणारा, आत इलेक्ट्रॉनिक परिपथ असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो खरेदीच्या यादीत आधीच लिहून ठेवावा.

पायरी सातवी: ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्रायव्हर

विंडोज ३२ बिटची असेल, तर आजच्या कार्डांना ड्रायव्हर (कार्ड चालवण्यासाठी लागणारी प्रणाली) मिळणार नाही. एनव्हीडियाने ३२ बिट ड्रायव्हर २०१८ सालीच थांबवले. विंडोज ७ साठीही हेच समजावे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या संगणकाच्या मालकाने हा प्रश्न कार्डाच्या खरेदीपासून वेगळा काढून आधी सोडवलेला बरा. लिनक्स हा या वर्गातील यंत्रांसाठी उत्तम पर्याय आहे, आणि तिथे एएमडी कार्डांचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही.

कार्ड किती जुने घ्यावे, हेही ड्रायव्हरवरूनच ठरते. जीटी ७१० सारख्या केप्लर वंशाच्या कार्डांचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबले. जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांना गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच मिळाले. त्यापुढे २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. जीटीएक्स १६५० त्यानंतरच्या वंशातले असल्याने त्या यादीत नाही. म्हणून १०५० टीआय आणि १६५० यांच्या वापरलेल्या किमतीत थोडाच फरक असेल, तर १६५० घ्यावे.

पायरी आठवी: प्रोसेसर कार्डाला पुरेल का

सर्व काही जुळले, तरी जुना प्रोसेसर कार्डाला पुरेशा वेगाने काम देऊ शकला नाही, तर पैसे वाया जातात. याची ढोबळ चाचणी कार्ड घेण्यापूर्वीच करता येते. आपला नेहमीचा गेम सर्वांत कमी रिझोल्यूशनवर आणि हलक्या चित्रमांडणीवर चालवून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर पाहावा. तो तेव्हाच ९० टक्क्यांच्या वर टेकलेला असेल आणि गेम अडखळत असेल, तर नवे कार्ड चित्र सुंदर करील, पण वेग वाढवणार नाही. चार गाभ्यांच्या आय५-३४७० साठी जीटीएक्स १६५० ही मला योग्य वरची मर्यादा वाटते. त्याहून बलवान कार्ड केवळ या विचाराने घ्यावे, की ते पुढे नव्या संगणकात हलवायचे आहे.

शिवाय इंटेलच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा आदेशसंच नाही; तो २०१३ साली चौथ्या पिढीत आला. काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत, मग कार्ड कोणतेही असो. रॅम ८ जीबीपेक्षा कमी असल्यास आधी ती वाढवावी. हा खर्च कमी आहे आणि फरक लगेच जाणवतो.

ज्यांना गेमऐवजी व्हिडिओ संपादन किंवा पडद्याचे चित्रीकरण करायचे आहे त्यांनी एक गोष्ट स्वतंत्रपणे पाहावी. जीटी १०३० आणि आरएक्स ६४०० या दोन्हींत व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तो आटोपशीर फाइलमध्ये रूपांतरित करणारा, हार्डवेअरचा भाग नाही. जीटीएक्स १६५० मध्ये तो आहे.

पायरी नववी: खरेदी, जोडणी आणि पडताळणी

खरेदी करताना पूर्ण मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. जीटी १०३० च्या बाबतीत हे विशेष गरजेचे आहे, कारण त्याच नावाने जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन प्रकारच्या स्मृतीची कार्डे विकली जातात. पहिल्याची स्मृती सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती हलवते, तर दुसऱ्याची जेमतेम १७. तसेच ‘आरएक्स ५८० २०४८ एसपी’ हे मूळ आरएक्स ५८० नव्हे. त्यात २३०४ ऐवजी २०४८ गाभे आहेत, म्हणजे ते आरएक्स ५७० च्या बरोबरीचे आहे. अनोळखी विक्रेत्याकडून वापरलेले कार्ड घेताना ते चालू संगणकात लावून जीपीयू-झेड या प्रणालीत पाहावे. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवलेले असेल, तर ही प्रणाली ते बहुधा ओळखते आणि नावापुढे बनावट असल्याची खूण दाखवते.

जोडताना संगणक बंद करून मुख्य वायर भिंतीतून काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी. कार्ड स्लॉटमध्ये दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवावे. मागच्या टोकाची कडी टक् असा आवाज करून अडकली पाहिजे. ब्रॅकेटचा स्क्रू घट्ट करावा. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या सॉकेटमधून काढून कार्डाच्या सॉकेटमध्ये लावावी. ‘कार्ड चालत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

चित्र आल्यावर ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’ ही ओळ पाहावी. सोळा लेनांच्या कार्डासमोर चार किंवा एक लेन दिसत असेल, तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेले नाही. स्वस्थ असताना पिढीचा आकडा कमी दिसणे स्वाभाविक आहे, कारण वीज वाचवण्यासाठी वेग कमी केलेला असतो. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी देऊन भार टाकला, की खरा आकडा दिसतो. त्यानंतर अर्धा तास एखादा जड गेम चालवून तापमान बघावे. ८० अंशांच्या आसपास स्थिरावले, तर काळजी नाही. चढतच राहिले, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही असे समजून पुढचा पंखा आणि वायरींची मांडणी तपासावी. या अर्ध्या तासात संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर संशयाची सुई प्रथम एसएमपीएसकडे वळवावी.

पडदा काळाच राहिला, तर घाईने कार्डाला दोष देऊ नये. कार्ड काढून मॉनिटर पुन्हा मदरबोर्डला जोडावा, बायोसमध्ये जाऊन प्राथमिक डिस्प्ले ‘ऑटो’वर किंवा पीसीआय एक्स्प्रेसवर ठेवावा, सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे आणि कार्ड पुन्हा बसवून पाहावे. तरीही चित्र येत नसेल, तर तेच कार्ड दुसऱ्या, शक्यतो नव्या संगणकात लावून बघावे. तिथे ते चालले, तर कार्ड निर्दोष आहे आणि अडचण आपल्या मदरबोर्डशी न जुळण्याची आहे. असे घडू शकते हे गृहीत धरूनच, कार्ड परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे आणि खोके उघडल्यावरही ते परत घेतले जाते का, हे पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.